पाण्याकडे तोंड करून

वाळणे, जि. रत्नागिरी
दि. २४ जानेवारी १९६५

ती. सौ. नर्मदाआक्का यांचे सेवेशी,
धाकटा भाऊ रूपचंदचा शि. सा. न. वि. वि.

म्हसावदहून निघाल्यावर चौथ्या दिवशी येथे सुखरूप पोहोचलो. निसर्ग-अभ्यास शिकवणाऱ्या शिक्षकांचा हा वर्ग समुद्रापासून हाकेच्या अंतरावर भरतो. आम्ही तीस जण आहोत. खानदेशातून मी एकटाच, म्हणून सगळे मला केळीविषयी विचारतात आणि मी समुद्राविषयी.

आईला आणि तुला समजेल असे सांगतो. तापीला पूर येतो तो पावसाळ्यात, आणि उतरला की उतरतो. समुद्र मात्र दिवसातून दोनदा चढतो व दोनदा उतरतो, आणि तेही रोज सुमारे पाऊण तास उशिराने. येथील कोळी घड्याळ बाळगत नाहीत. तिथीची पाऊणपट काढतात, तितक्या वाजता पूर्ण भरती. उदाहरणार्थ, चतुर्थी घे. चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. इतके सुबक गणित मी पाठ्यपुस्तकातही पाहिले नाही.

शेवटी प्रत्येकाने गावातील मुलांना घेऊन एक नमुना पाठ द्यायचा आहे. ज्याला 'अ' श्रेणी मिळेल, त्यालाच आपल्या भागात असा वर्ग चालवण्याची परवानगी. धडगावच्या जालमसिंग गुरुजींना तिकडे असा वर्ग भरवण्याचा शब्द मी दिला आहे, हे तुला ठाऊक आहे. त्यांच्या अक्राणी डोंगरातले बावीस शिक्षक वाट पाहत आहेत. त्यांची मुले पुस्तकातून शिंपले व दीपगृह पाठ करतात, आणि दारातल्या ओढ्यावर एकही धडा नाही. मला श्रेणी मिळाली नाही, तर हा वर्ग होणार नाही.

आईच्या गुडघ्याला तेल चोळत जावे. दाजींना नमस्कार. तुझ्या मायेची सावली अशीच असू दे.

तुझा
रूपचंद

---

प्रकाशे
दि. ३० जानेवारी १९६५

चि. रूपचंद यास,
नर्मदाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आईला दोनदा वाचून दाखवले. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "रोज पूर येस आनि रोज उतरस, मंग त्या लोके झोपतस कव्हय?" तिथल्या लोकांनी झोपायचे कधी, याचे उत्तर तुझ्या गणितात बसत असेल तर कळव.

आईचा गुडघा बरा आहे. केळीचे घड उतरवणे चालू आहे, त्यामुळे तुझ्या दाजींना मान वर करायला सवड नाही. तुझा नमस्कार पोहोचवला. ते म्हणाले, मास्तर समुद्रालाही शिकवून येईल.

एक सांगते, राग मानू नकोस. माझ्या लग्नात तुला पंगतीत वाढायला उभे केले होते, आणि तू व्याह्यांना केळीच्या पानाच्या शिरा समजावत राहिलास. वरण गार झाले, हे आमच्याकडे अजून निघते. पाठ देताना तेवढे ध्यानात ठेव.

लोभ आहेच, तो कळवावा लागत नाही.

नर्मदा

---

वाळणे
दि. ६ फेब्रुवारी १९६५

ती. सौ. आक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

काल चतुर्थी होती. माझा पाठ झाला. जसे घडले तसे क्रमाने लिहितो.

किनाऱ्यापासून समुद्रात थोडे आत एक सपाट खडक आहे. ओहोटीला तेथे कोरड्या पायांनी जाता येते आणि खळग्यांतून खेकडे, कालवे, समुद्रफुले दिसतात. साडेआठला मी चौदा मुले घेऊन गेलो. आपण लहानपणी तापीच्या घाटावर करत असू तसा पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला. नऊला पाणी दगडापासून चार हात मागे गेले. दगड उघडा पडला म्हणजे पाणी उतरले, पाय टाकायला हरकत नाही, असे मनाने घेतले आणि समुद्राकडे पाठ करून शिकवू लागलो.

पाठ चाळीस मिनिटांचा ठरला होता. मुले प्रश्न विचारीत होती आणि मी उत्तरे देत होतो. खडक आणि किनारा यांच्यामधली वाळू खडकाहून सखल आहे, हे मी आदल्या दिवशी वहीत नोंदवलेही होते. भरती प्रथम तेथूनच शिरते. साडेअकराला मासे वाळत घालणारी एक कोळीण किनाऱ्यावरून ओरडली तेव्हा मी वळलो. मधल्या वाळूवर मुलांच्या मांडीपर्यंत पाणी होते. ती स्वतः आत आली. हातात हात गुंफून आम्ही मुले बाहेर काढली. कोणाला खरचटलेही नाही. ती मला एवढेच म्हणाली की मास्तर, दर्याला पाठ दाखवायची नसते.

आमचे परीक्षक पहिली पाऊण घटका पाहून दुसऱ्या गटाकडे गेले होते. त्यांनी शेरा लिहिला आहे: 'उत्तम'. पुढचे त्यांना ठाऊक नाही. सोमवारनंतर आठ दिवसांत पाठाचा अहवाल मला लिहून द्यायचा आहे. खरे लिहिले तर श्रेणी जाईल, आणि श्रेणीबरोबर धडगावचा वर्ग. न लिहिले तर त्या बावीस शिक्षकांचे भले होईल, असेही मन म्हणते. दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. तू काय म्हणतेस ते कळव.

आईला यातले काही वाचून दाखवू नये. कृपा असावी.

रूपचंद

---

प्रकाशे
दि. १० फेब्रुवारी १९६५

चि. रूपचंद यास आशीर्वाद.

पत्र आजच आले, लगेच लिहिते. आईने माझे तोंड पाहून ओळखले, म्हणून वाचून दाखवावे लागले. नंतर तिने तुळशीपुढे दिवा लावला.

तुला घाटावरची निम्मीच रीत आठवते. दगड ठेवायचा, हे खरे. पण दगड एवढेच सांगतो की पाणी गेले. ते परत येणार नाही, असे तो कधी सांगत नाही. म्हणून बायका धुणे धुवायला उतरल्या की एकीने धुणे बाजूला ठेवून पाण्याकडे तोंड करून बसायचे, असा आईचा दंडक होता. बसणारीचे धुणे बाकीच्यांनी धुवायचे. तुझ्या ध्यानात ते नाही, कारण बसायला नेहमी मीच असे आणि तू पोहत असायचास. दगड मीच तुला शिकवला आणि बसणे शिकवले नाही. तेवढी चूक माझी.

अहवालाचे विचारलेस. चौदा मुलांच्या चौदा आया तेथे आहेत. उद्या तुझ्यामागून दुसरा मास्तर त्याच खडकावर जाईल आणि त्याच्या हाती तुझा 'उत्तम' पाठ असेल. जालमसिंग गुरुजींना शब्द तू दिलास. त्यांची मुले ओढ्यात उतरायची आहेत. मला तुझ्याइतके मांडता येत नाही, पण तुला समजले असेल.

खाऊन-पिऊन राहावे.

नर्मदा

---

वाळणे
दि. २० फेब्रुवारी १९६५

ती. सौ. आक्का यांस शि. सा. न.

अहवालात सर्व लिहिले. दगड, समुद्राकडे केलेली पाठ, अडीच तास आणि ती कोळीणही. 'उत्तम' खोडले गेले. श्रेणी 'ब' मिळाली. धडगावचा वर्ग चालवण्याची परवानगी मला नाही.

मुख्य मार्गदर्शकांनी बोलावून विचारले की तिकडे दुसरे कोणी आहे का. मी जालमसिंग गुरुजींचे नाव दिले. ते म्हणाले की गुरुजींनी पुढच्या वर्गाला येऊन शिकून जावे. वर्ग त्यांनी चालवावा, तुम्ही मदतनीस राहा. अहवाल मात्र त्यांनी ठेवून घेतला आहे, पुढच्या तुकडीला पहिल्या दिवशी वाचून दाखवण्यासाठी. मला वाईट वाटले नाही असे लिहिले तर तो दुसरा खोटा अहवाल होईल.

मंगळवारी निघतो. आईसाठी शंख घेतला आहे.

रूपचंद

---

धडगाव
दि. ९ ऑक्टोबर १९६५

ती. सौ. आक्का यांचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

जालमसिंग गुरुजी वाळण्याला शिकून आले आणि त्यांचा वर्ग सुरू झाला. तोरणमाळपासून बावीसच्या बावीस शिक्षक आले. काल आम्ही ओढ्यावर गेलो. खाली ऊन होते, वर डोंगरावर ढग. ओढ्यात उतरण्यापूर्वी घाटावरची रीत मी सर्वांना सांगितली. जालमसिंग गुरुजी म्हणाले की येथल्या पावरा आदिवासींच्या घरांत पोरांना हे बोलू लागण्याआधी कळते. पाण्यात पाने वाहून येऊ लागली आणि रंग बदलला की बाहेर निघायचे. आता हे पुस्तकात कोण लिहिणार, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, तुम्ही.

खेकड्यांची बिळे, शेवाळ, दगडाखालचे किडे, असा धडा त्यांनी दीड तास घेतला. मध्ये दोन ठिकाणी मला भर घालावीशी वाटली. घातली नाही. एकाएकी पाने येऊ लागली तशी मी हाक दिली, आणि सर्व जण पाणी चढण्याआधी काठावर आले.

धड्यातले फारसे मला दिसले नाही, आक्का. पाण्याकडे तोंड करून मी बसलो होतो. माझी वही बाकीच्यांनी लिहून दिली.

आईला सांग, येथले लोक वेळेवर झोपतात. तुझी नजर आजवर होती तशीच माझ्यावर राहो.

तुझा
रूपचंद