गुरुसिद्धप्पांचा दोन फुटी फोटो

जळकोट, ४ फेब्रुवारी २०२४

चि. शिवप्रियेस उमाशंकरकाकाचे अ. आ.

आधी माझ्यावरचा अन्याय ऐक. स्टुडिओतल्या फिरत्या खुर्चीनं फिरायचं सोडलंय. गिऱ्हाईक आलं की मला आख्खं उठून वळावं लागतं. या वयात एवढा छळ बरा न्हाय.

आपल्या गल्लीतले गुरुसिद्धप्पा गेले, हे तुला कळलंच. दिवाळीत तू काढलेला त्यांचा हसरा फोटो शांताक्कांनी मोठा करायला दिला. केला, पण सुरकुत्या भेगांसारख्या आल्या, विभूतीच्या पट्ट्यांना काळी किनार. घरी नेऊन दिला तर शांताक्का म्हणाल्या, हे एवढे कधी रागावले होते? चार माणसं बसलेली. मी म्हणालो, पोरीचा हात हलला असंल. तू जरा सांभाळून काढत जा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा काका

सोलापूर, ९ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

खुर्चीत तेल घाला.

शांताक्कांचा फोन आला होता. नवरा जाऊन पंधरा दिवस झालेली बाई माझीच समजूत घालत होती, की फोटो बिघडला म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मूळ फोटो उघडून बघितला. पापण्या मोजता येतात. काका, कडा ठळक करायचं ते शार्पनिंग कधी केलंत? फाईल उघडल्या उघडल्या ना? मग फोटो मोठा केलात, तशा त्या कडाही मोठ्या झाल्या. वर छापताना फोटो पुसट दिसेल या भीतीनं पुन्हा एकदा केलंत. आधी फोटोवरचे बारीक दाणे-ठिपके काढायचे, रंग बघायचा, छापायच्या मापाचा करायचा आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी. तेही डोळ्यांना, गालांना नाही. मागं सांगितलं तेव्हा म्हणालात, तुझ्या जन्माआधीपासून फोटो धुतोय.

मूळ फाईल पुन्हा पाठवली आहे. रागावले आहे, पण तुमचीच आहे.

शिवप्रिया

जळकोट, १४ फेब्रुवारी

चि. शिवप्रियेस अ. आ.

फोन केला न्हाय. आवाजात लगेच कळलं असतं तुला.

व्हय, उघडल्या उघडल्याच केलं, आणि दोनदा केलं. त्याहून वाईट सांगतो. फोटो छापून हातात आला तेव्हाच चूक माझी आहे हे मला दिसलं होतं. तरी शांताक्कांच्या दारात तुझा हात हलवून मोकळा झालो. स्टुडिओच्या तीस वर्षांच्या पाटीला जपलं, पुतणीला न्हाय.

तू सांगितलेल्या क्रमानं परत केला. गुरुसिद्धप्पा हसायला लागले.

काल घेऊन गेलो. शांताक्का एकट्याच होत्या, देऊन निघता आलं असतं. तेच चौघं संध्याकाळी येईपर्यंत बसलो आणि सांगितलं, हात हलला नव्हता, फोटो मी बिघडवला. त्यांतला कोंडीराम म्हणाला, मग त्या दिवशी का न्हाय बोलला? शांताक्का नव्या फोटोकडंच बघत होत्या. मी जुना उतरवला, नवा टांगला, जरा सरळ केला आणि चहा न घेता निघालो.

पूर्वीइतका नको, थोडा लोभ ठेव.

उमाशंकरकाका