मातृभाषेचा रकाना

फुलचूर, गोंदिया
दि. २४ नोव्हेंबर २०१४

चि. दुर्गेश यास आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा फॉर्म शुक्रवारी मिळाला. त्यात बाबांच्या मातृभाषेच्या रकान्यात तू 'मराठी' लिहिलं आहेस आणि खाली 'रुग्णाकडे भाषा शिल्लक नाही' असं छापून त्यावर माझी सही मागितली आहेस. म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. फोनवर तू मध्येच 'हो आई, हो आई' करतोस.

घरी ठीक आहे. बाबांचा उजवा हात अजून उचलला जात नाही, पण पायात जोर आला आहे. अंगणापर्यंत काठी घेऊन जातात. धान कापून झालं. दुकान भोजराज बघतो. बियाण्याचं गिऱ्हाईक अजूनही आधी बाबांची चौकशी करतं.

आता फॉर्मचं. सातव्या कलमात लिहिलं आहे की, सहभागी व्यक्तीला प्रत्यक्ष लाभ होणार नाही. गेल्या डिसेंबरात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तू दवाखान्याच्या व्हरांड्यात काय म्हणाला होतास, आठवतं? काचेच्या तबकडीवर उंदराच्या मेंदूतल्या जिवंत पेशी वाढवल्या आहेत, त्यांचा तुटलेला भाग संगणकातलं जाळं भरून काढतं, दोघं एकमेकांकडून शिकतात. पाच वर्षांत माणसाच्या मेंदूला हेच जोडू. "तू फक्त रोज साठ शब्द म्हणवून घे आणि नोंद पाठव. आपण बाबांचा आवाज परत आणू." मी ते बाबांना सांगितलं. अकरा महिने सांगत राहिले. तुला माझ्या नोंदी हव्या होत्या तर तसं सांगायचं होतंस. मी तरीही दिल्या असत्या. आशा दाखवून मागायची गरज नव्हती.

पण सही न करण्याचं कारण ते नाही.

जानेवारीत तुझी फुलवंता आत्या आली होती. चार दिवस राहून सडक अर्जुनीला परत गेली, असं तुला सांगितलं होतं. ती गेली नाही. मी तिला पाठवलं.

सकाळी मी खुर्ची ओढून बाबांसमोर शब्दांचा तक्ता धरून बसायची. पाणी, चमचा, खिडकी. ते तक्त्याकडे न बघता माझ्याकडे बघायचे. आत्या दारात उभी राहून म्हणाली, "वैनी, तुमची शाळा कवा सुटते? भाऊले भूक लागून राहिली."

मी म्हटलं, "अजून बावीस शब्द आहेत."

"तो काय परीक्षेले बसून राहिला का?"

मग ती ताट घेऊन त्यांच्याजवळ बसली आणि पोवारीत, त्यांच्या घरच्या बोलीत, विचारलं, "भाऊ, कसो सेस?" तुझे बाबा म्हणाले, "साजरो." स्पष्ट म्हणाले. महिनाभरातला पहिला शब्द. छान आहे, बरं आहे, असा त्याचा अर्थ होतो. तुला लिहून सांगावा लागतो, हेही माझंच केलेलं.

मी नागपूरला बी.एस्सी.ला होते तेव्हा वसतिगृहात माझ्या बोलण्याची नक्कल करून पोरी हसायच्या. तीन वर्षं हसल्या. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तुझ्या बाबांना सांगितलं की, या घरात शुद्ध मराठी बोलायची, मुलांच्या कानावर दुसरं काही पडता कामा नये. ते भांडले नाहीत. दुकानात तासन्‌तास बोलायचे आणि घरात आले की 'हं', 'बरं', 'ठीक'. मला वाटायचं, स्वभाव शांत आहे. तसं मी लोकांना सांगायचीही.

आत्याला मी म्हटलं, तुझ्या बोलण्याने त्यांचा गोंधळ होतो, शब्दांची सरमिसळ होते. तिने पिशवी भरली आणि कोहमाऱ्याच्या गाडीत बसली. त्यानंतर एकदा मांजराचं चित्र दाखवलं तर बाबांनी त्याला पोवारी नाव दिलं. मी शून्य लिहिलं. तसंच आणखी नऊ वेळा. चौतीस वर्षं मुलांना शास्त्र शिकवलं, निरीक्षण जसं दिसेल तसं लिहा म्हणून छड्या मारल्या.

डॉक्टर म्हणाले होते, पहिले सहा महिने सोन्याचे. ते माझ्या तक्त्यात गेले. तुझं जाळं माझ्या शून्यांवरून शिकलं आणि पलीकडे काही जिवंत नाही असं त्याने ठरवलं. त्याचा दोष नाही. त्याला दिलं तेच ते शिकलं.

भाऊबीजेला मी स्वतः फोन करून आत्याला बोलावलं. माफी मागितली. "कायले?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी आली. मोबाईल त्यांच्यामध्ये ठेवून मी बाहेर पायरीवर जाऊन बसले, कारण मी खोलीत असले की ते गप्प होतात. चाळीस वर्षांची सवय आहे, झटक्यातही मोडली नाही. आतून त्यांचा आवाज आला. चहा गार दिला म्हणून बहिणीला रागावत होते. पूर्ण वाक्य होतं, दुर्गेश. मी उठून दारात गेले. ते माझ्याकडे बघून थांबले आणि मान हलवून म्हणाले, "ठीक."

आता आत्या इथेच राहते. सकाळी मी दोन तास शेजारी निर्मलाबाईंकडे जाऊन बसते.

बाबांचं नाव तुझ्या कामातून काढायचं की नाही ते तू ठरव. पण ठेवलंस तर मुकं म्हणून ठेवू नकोस.

सोबत भोजराजच्या हाती बंगलोरला पाठवलेलं :

१. फॉर्म एक, सही न केलेला. मातृभाषेचा रकाना लाल शाईने दुरुस्त केला आहे.

२. नोंदवही एक, डिसेंबर ते ऑक्टोबर. दहा शून्यांभोवती गोल केले आहेत. ती शून्यं खोटी आहेत.

३. मेमरी कार्ड एक. सोळा दिवसांचं बोलणं, रोज सुमारे अर्धा तास. विचारणारी फुलवंता, उत्तर देणारे मुन्नालाल. अर्थ लिहून दिलेले नाहीत. ते आत्याला विचारावे लागतील. यात माझा आवाज कुठेही नाही.

आई