दोन भरतीच्या वायरी

मंगळवार, १ जुलै २०२५
आजपासून कामाला लागलो. संकल्प: वीस तारखेच्या आत गेम टीव्हीवर चालू करणे. वीसला निजामुद्दीन शेलूबाजार सोडून कायमचा नागपूरला चालला, मुलाकडे. त्याआधी आमची मॅच पुरी व्हायलाच पाहिजे. तो जातो आहे याचं मला विशेष काही वाटत नाही. माणसं जातात. मॅच अर्धी राहणं मात्र बरं नाही.

पुढे विसर पडू नये म्हणून हकिकत लिहून ठेवतो. मी आसेगावच्या शाळेत मराठी शिकवायचो तेव्हा निजामुद्दीनचं इथे जीप स्टँडमागे, टिनाच्या शेडमध्ये, व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. त्यातला विमानांचा गेम माझा. शाळा सुटली, जीपमधून उतरलो की सरळ तिथे. पोरं मशीनपुढे खिसे चाचपत उभी राहायची. मी बसलो, लाल बटण दाबलं की गेम सुरू. मशीनला माझा हात ओळखीचा झाला होता. एका संध्याकाळी आम्हा दोघांची मॅच ऐन रंगात असताना लाइन गेली. मी पुढे होतो. निजामुद्दीन म्हणतो तो पुढे होता. हा वाद आजतागायत चालू आहे.

पार्लर बंद केलं तेव्हा मशीनच्या पोटातली हिरवी पाटी, म्हणजे गेमचा बोर्ड, खेळायच्या दांड्यासकट आणि लाल बटणासकट त्याने मला आणून दिला. म्हणाला, “मास्तर, लाकूड इकलं. जीव तुमच्यापाशी ठेवा.”
आज ट्रंकेतून काढला. जीव ठणठणीत दिसतो.

गुरुवार, ३ जुलै
मंजुषाने पुण्याहून एक कन्व्हर्टरचा डबा पाठवला. मुलगी गुणी आहे, फक्त फोनवर “बाबा, माहितीपत्रक वाचा” असं तीनदा म्हणाली. माहितीपत्रक वाचणारे वेगळे, आशय कळणारे वेगळे.

बोर्डाच्या वायरी डब्यात, डब्याची पिवळी पिन टीव्हीत. लाल, हिरवी, निळी: तीन रंगांत सगळी सृष्टी आली. काळी म्हणजे अर्थिंग. उरल्या दोन. एक पांढरी आणि एक करडी. पांढरीला रंगच नाही, मग चित्रात तिचं काय काम? करडी तर दांड्याच्या वायरींजवळून निघून कुठेच जात नाही. कवितेत वृत्त भरायला कवी ‘बरे’, ‘पहा’, ‘तो’ असे भरतीचे शब्द घालतात, तशा या भरतीच्या वायरी. पांढरीला चिकटपट्टी लावून बाजूला सारली. करडी कापूनच टाकली. अंगणात फेकली.
डब्यावर S लिहिलेलं एक भोक रिकामं राहिलं. S म्हणजे स्पेअर, हे उघड आहे.

टीव्ही निळा झाला. नो सिग्नल. रुख्मिणी म्हणाली, “अवो, माह्या सिरेलीच्या टायमालेच कायले?” मी म्हणालो, विज्ञानाला वेळ नसते. तिने पिन उपटली.

शनिवार, ५ जुलै
भिंतीवरचे चपटे टीव्ही बिनकाळजाचे. माळ्यावरून जुना डबा टीव्ही खाली काढला. कंबर थोडी धरली.
चित्र आलं. माझी विमानं. डोळे भरून आले, पण चित्र थांबेना म्हणून पुसायला वेळ मिळाला नाही. वरून खाली घसरतं, मधेच तिरपं फाटतं, पुन्हा वरून सुरू.

फोनवर एका हिंदी माणसाचा व्हिडिओ पाहिला. तो म्हणतो हा सिंकचा बिघाड. चित्र म्हणजे एकाखाली एक रेघा. प्रत्येक रेघ संपली की टीव्हीला इशारा लागतो, आता पुढची घे. सगळ्या रेघा संपल्या की दुसरा इशारा, आता नवं चित्र घे. इशारा चुकला की चित्र घसरलं.
हसू आलं. हे मी आयुष्यभर वर्गात शिकवलं. ओळ कुठे थांबते, कडवं कुठे संपतं. पोरं ओळीत ओळ मिसळून म्हणायची तेव्हा अगदी हेच व्हायचं. रोग कळला म्हणजे अर्धं काम झालं. उद्या पूर्ण करतो.

सोमवार, ७ जुलै
काल रविवार होता.
आज टीव्हीच्या पाठीमागे चित्र थांबवण्याची बारीक खुंटी सापडली. अंगठ्याने दाबून, किंचित डावीकडे पिळून धरली की चित्र थांबतं म्हणे. ‘म्हणे’ यासाठी की मी पाठीमागे असतो. रुख्मिणीला समोर बसवलं. ती सांगत होती, “थांबलं. चाललं. थांबलं. आता फाटलं.” मग म्हणाली, “तुमी मांगं खुंटी धरून, मी समोर तांदूळ निवडून राह्यली. मंग खेळन कोण?”
प्रश्न बरा होता. खुंटी सोडून दिली.

बुधवार, ९ जुलै
कारण सापडलं. शेजारची पिठाची गिरणी. ती चालू झाली की करंट ओढला जातो आणि चित्राचा पाय घसरतो. ग्यानबाला जाऊन स्पष्ट शब्दांत सांगितलं की तुझ्या गिरणीमुळे एका प्रयोगाचं नुकसान होत आहे. तो म्हणाला, “गिरणी तं सकायपासून बंद हाय, मास्तर. पट्टा तुटला.”
घरी येऊन पाहिलं. घसरतच होतं.
ग्यानबाशी उद्या गोड बोलायचं. ज्वारी त्याच्याकडेच पडली आहे.

शुक्रवार, ११ जुलै
निजामुद्दीन आला. घसरतं चित्र पुष्कळ वेळ पाहिलं. विमानांबरोबर त्याची मानही वर-खाली होत होती. म्हणाला, “मास्तर, हे तं गांजा पिऊन उडून राह्यले.” मी म्हणालो, बारीकसारीक काम उरलं आहे. तो म्हणाला, “राहू द्या आता. मेहरबीनं कपाटं बी इकून टाकले. घरात बोललं की आवाज घुमते.” मेहरबी म्हणजे त्याची बायको. मी म्हणालो, एकोणीसची संध्याकाळ मोकळी ठेव. हरायची भीती वाटत असेल तर तसं सांग. तो हसला आणि बिस्कीट चहात बुडवलं. बिस्कीट तुटून पडलं. चमच्याने काढत बसला.

रुख्मिणीने मधेच विचारलं, “हे पांढरं वायर काहून लोंबकळून राह्यलं?” मी भरतीच्या शब्दांचा सिद्धांत सविस्तर समजावला. उदाहरणं दिली. निजामुद्दीन मन लावून ऐकत होता. त्याच्यासारखा श्रोता नागपूरवाल्यांना फुकट मिळणार.

सोमवार, १४ जुलै
तीन दिवस बोर्डाला हात लावला नाही. धोरण म्हणून. यंत्राला विश्रांती लागते.
दोन ओळी मात्र झाल्या:
थांब जरा रे चित्रा माझ्या, किती घसरशी खाली
वाट तुझी मी बघता बघता मान लचकुनी गेली
मात्रा मोजल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. माझ्याकडे सिंक आहे. दोष टीव्हीचा आहे.
रुख्मिणीला वाचून दाखवल्या. तिने मानेला लावायला तेल आणून दिलं.

बुधवार, १६ जुलै
आज पांढऱ्या वायरीचा प्रयोग यशस्वी केला.
(हात रुख्मिणीचा होता. झाडताना वायर खराट्यात अडकली. ती म्हणाली, “एक भोक रिकामं, एक वायर रिकामी. तुमाले दिसत नाई का?” आणि चिकटपट्टी काढून S मध्ये खुपसली. पण वायर न कापता राखून ठेवण्याची दूरदृष्टी माझी.)
चित्र थांबलं. शिक्षक वर्गात यावा तसं सगळं जागच्या जागी.
फक्त आडवं. विमानं खालून वर जाण्याऐवजी उजवीकडून डावीकडे चालली होती.

मग आठवलं. निजामुद्दीनच्या मशीनमध्ये टीव्ही कुशीवर निजवलेला असायचा. म्हणून हा टीव्हीही कुशीवर करायला घेतला. तो अर्धा कलला आणि मी पूर्ण कललो. रुख्मिणीने दोघांनाही सावरलं, आधी टीव्हीला.
विचारांती ठरवलं: टीव्ही आडवा करण्यापेक्षा माणूस आडवा करणं सोपं.
एक चूक निघाली म्हणून सिद्धांत खोटा ठरत नाही. करडी वायर नक्कीच भरतीची होती.

शनिवार, १९ जुलै
मॅच झाली. मी जिंकलो.
तपशील. बैठकीत दोन खाटा, एकीमागे एक. मागची विटा लावून उंच केली, म्हणजे मागच्यालाही दिसावं. दोघेही डाव्या कुशीवर. चष्म्याची काडी कानात रुतायला लागली म्हणून दोघांनी चष्मे काढून ठेवले. रुख्मिणी दारातून पाहून म्हणाली, “सरकारी दवाखाना वाटून राह्यला.”

मी दांडा धरला, लाल बटण दाबलं. थोड्या वेळाने विमान निघालं. तीच जुनी ओळख. इतकी वर्षं झाली, तरी मी मनात डावीकडे म्हणायच्या आत विमान डावीकडे जात होतं. बोटं सुजली आहेत, पण कला बोटांत नसतेच. तीन विमानं पाडली, मग मरण पावलो. मग निजामुद्दीनचा डाव. त्याने दांडा घेतला. तोही डावीकडे गेला, त्यानेही तीनच पाडली, आणि मी मेलो तिथेच तोही मेला. पुन्हा मी, पुन्हा तो. दरवेळी सारखंच. मी म्हणालो, निजामभाई, तू माझी नक्कल करतोस. तो म्हणाला, “आता या उमरीत दुसरं कोणाचं पाहून शिकू?”
मधून मधून पडद्यावर मोठी इंग्रजी अक्षरं चमकायची. अभिनंदनाची असावीत.

अखेर बरोबरी झाली असं मी मोठ्या मनाने म्हणणार, तोच तो म्हणाला, “नाई मास्तर. तुमी आधी पाडले, मी मागून पाडले. कबूल. त्या दिवशी बी तुमीच पुढं होते.”
या वाक्याची मी तीस वर्षं वाट पाहिली. ऐकल्यावर काय करायचं ते ठरवलेलं नव्हतं. मी चहा सांगितला.
तो चहा होईपर्यंत तसाच कुशीवर पडून होता, दांडा हातात धरून. मेहरबीचा फोन आला की गाठोडी बांधायला या, तेव्हा उठला.

रविवार, २० जुलै
निजामुद्दीन गेला. स्टँडवर गेलो नाही. जिंकलेल्या माणसाने हरलेल्याला पोचवायला जाणं बरं दिसत नाही. शिवाय मान दुखते.
संध्याकाळी स्टँडमागे सहज चक्कर मारली. शेडच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. हे मला माहीत होतं.

सोमवार, २१ जुलै
सकाळी सरावासाठी गेम लावला आणि दाढी करायला बसलो. रुख्मिणी म्हणाली, “अवो, तुमी तं इथं बसले. मंग तिकडं कोण खेळून राह्यलं?”
तोंडाला फेस तसाच ठेवून जाऊन पाहिलं. दांडा स्टुलावर. जवळ कोणी नाही. विमान डावीकडे गेलं, तीन पाडली, तिथेच मेलं.
चष्मा लावला, मान वाकडी करून अक्षरं वाचली. इन्सर्ट कॉइन.

निजामुद्दीनला फोन लावला. म्हणालो, हा गेम आपोआप खेळतो. तो म्हणाला, “हौ. थो डेमो हाय. पैसा टाकल्याबिगर गेम सुरू होत नाई, मास्तर. मी थेच तं इकत होतो.”
मी म्हणालो, मी तर कधीच पैसा टाकला नव्हता. माझ्यासाठी सुरू व्हायचा.
तो म्हणाला, “तुमी बसले की मी मागून मशीनचा पट उघडून, पैसा पडला की दबते थे आतली पत्ती दाबत होतो. मास्तरपासून पैसे कोण घेईन?”
मी विचारलं, मग परवा?
“परवा मागं पटच नव्हता ना.”
मग कबूल कायले केलं? हे मी बरंच मोठ्याने विचारलं असावं, कारण रुख्मिणी बाहेर आली. तो म्हणाला, “तुमी लय मन लावून पडले होते, मास्तर. उठवावं नाई वाटलं.” मग त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली आणि इथे पाणी चोवीस तास असतं वगैरे सांगू लागला. घर मोठं आहे, म्हणाला. बोलायला कोणी नाही.

दुपारी मंजुषाचं माहितीपत्रक आणि एक व्हिडिओ, दोन्ही नीट पाहिले. पत्तीची वायर बोर्डाला जोडायला हवी. रंग करडा.

अंगणात शोधली. रुख्मिणीने त्या वायरीने कारल्याचा वेल कुंपणाला बांधला आहे. वेलाला पिवळी फुलं धरली आहेत. ती म्हणाली, सोडाल तर याद राखा.
सोडली नाही. नागपूरला वायरी चांगल्या मिळतात असं ऐकून आहे. बोर्ड टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवला. जातो आहे ते निजामुद्दीनसाठी नाही, मॅच अर्धी राहिली म्हणून.