लालीचा शॉर्ट शिफ्टर

४ फेब्रुवारी

चि. नटबोल्ट यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं टक्कल कसं आहे? मागच्या पत्रात त्याची खुशाली कळवायला विसरलास. आमच्याकडे सगळं ठीक. चष्म्याचं दुकान चालू आहे, तुझी वहिनी माझ्यावर ओरडते आहे आणि लाली रोज सकाळी पहिल्या चावीला सुरू होते. बाबांनी तिची चावी माझ्या हातात दिली ती उगाच नाही. तुला दिली असती तर बिचारीचे अर्धे भाग अजून तुझ्या वर्कशॉपच्या फरशीवर पडलेले असते. तिच्याखाली झोपायला तू आणि तिच्यात बसायला मी, ही वाटणी त्यांनी फार विचार करून केली होती.

आता कामाचं. परवा एक तरुण गिऱ्हाईक नव्या चष्म्यावर इतकं खूश झालं की त्याने मला त्याची गाडी चालवायला दिली. तिच्यात शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअरचा आखूड दांडा, बसवलेला. अरे, काय सांगू! लालीत तिसरा टाकायचा म्हणजे वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखा हात लांबवावा लागतो. इथे नुसतं मनगट हललं की टक्, गिअर पडला. माझ्या डाव्या अंगठ्याचं मूळ वर्षभर ठणकतं आहे. डॉक्टर म्हणतात झीज आहे, जपा. मी पडलो डावरा, त्यामुळे फ्रेमचे बारीक स्क्रूही त्याच हाताने आणि गिअरही त्याच हाताने. म्हटलं, हात हलायचं अंतर निम्मं झालं तर दुखणंही निम्मं होईल.

बाजारात म्हणे याच्या दोन-तीन तऱ्हा मिळतात. मला त्यातलं काही कळत नाही. तू म्हणशील तो. आणि हो, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर दिलेला शब्द मी विसरलेलो नाही. ज्या दिवशी माझ्या हाताने लालीला गिअर घालता येणार नाही, त्या दिवशी ती तुझी. पण जिभल्या चाटू नकोस, तो दिवस लांब आहे.

कळावे. डोक्यावर ऊन घेऊ नकोस, आणि लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
दादा


९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

टक्कल उत्तम आहे. तुझ्या दुकानातल्या आरशांपेक्षा जास्त चमकतं.

शॉर्ट शिफ्टरचं म्हणशील तर एक मवाळ मिळतो. त्यात दांड्याच्या सांध्याला रबरी बुश असतात, अंतर जेमतेम कमी होतं. तो निवृत्त मंडळी बसवतात. एक मधला असतो, तो धड इकडचा नाही की तिकडचा. आणि एक सर्वांत आखूड, सगळे बुश धातूचे. शर्यतीत गाडी पळवणारे तोच घेतात. तुला मी मवाळ सुचवला तर बाबा वरून माझा कान धरतील. तुझ्यासाठी हा शेवटचाच. मी स्वतः येऊन बसवतो, दुसऱ्या कुणाला लालीला हात लावू देऊ नकोस.

सुरुवातीला थोडा जड लागेल. हात बसेपर्यंत रेटत राहा, सोडू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा लोभ आहेच, तो वाढो.

तुझा,
धाकटा


२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दादाच्या गाडीला शॉर्ट शिफ्टर बसवून कालच परत आलो. गंमत तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्याला वाटतं, अंतर कमी म्हणजे त्रास कमी. होतं नेमकं उलटं. दांड्याचा टेकू वर सरकवला की हात कमी हलतो आणि जोर जास्त लागतो. सी-सॉवर मधल्या टेकूजवळ बसून समोरच्याला उचलून बघ, म्हणजे कळेल. त्याच्या अंगठ्याला झेपला असता तो मवाळ. मी दिला सर्वांत आखूड. सकाळी गिअरबॉक्समधलं तेल गार असताना दुसरा गिअर घालायला मलाच दात-ओठ खावे लागले. तो काय घालणार?

तू मला दुष्ट म्हणशील. बाबांच्या वेळेपासून लालीचं तेल मी बदललं, क्लच मी बसवला, आणि चावी कुणाला? मी खाली ग्रीसमध्ये लोळत होतो तेव्हा हा टॉर्च धरून शेजाऱ्यांना सांगत होता, हा आमचा गाडीखालचा माणूस, वर आला की बिथरतो. शेजारी हसले. मीही हसलो. आता अंगठा कुरकुरला की स्वारी आपसूक शरण येईल. शब्द सगळ्यांसमोर दिला आहे, तुझ्याही. चार दिवस हात दुखेल, त्याने कुणी मरत नाही.

माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा


१ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग हसल्याचं वाईट वाटलं. दादाची जीभ मलाही लहानपणापासून लागते, त्यामुळे तुझं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. तरी अंगठा दुखरा आहे रे त्याचा. जास्त ताणू नकोस. मी तुम्हां दोघांच्या मध्ये पडणार नाही, मला त्यातलं काही ठाऊक नाही असंच समज.

तब्येतीला जप.

तुझी,
ताई


२० मार्च

चि. नटबोल्ट यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आलं आहे, समजून घे. पेन नीट धरवत नाही.

तुझा शिफ्टर म्हणजे दगड आहे, पण काय दगड आहे! टक् आवाज ऐकला की कान तृप्त होतात. सकाळी दुसरा गिअर अडतो तेव्हा गाडी थांबवून तळहाताने ढकलतो. संध्याकाळी दुकान बंद करून चेंडू दाबायचा व्यायाम करतो. तुझी वहिनी म्हणाली, मवाळ बसवून घ्या. मी तिला म्हणालो, हा नटबोल्टने निवडला आहे, त्याला हात लावायचा नाही.

खरं सांगू का? डॉक्टर जपा म्हणतो, वहिनी हातातली पिशवी काढून घेते, गिऱ्हाइकं म्हणतात काका, सावकाश होऊ द्या. सगळ्यांनी मिळून मला म्हातारा ठरवून टाकलं आहे. तुला माझा अंगठा माहीत होता, तरी तू मला शर्यतवाल्यांचा शिफ्टर दिलास. त्या दिवशी पत्र वाचून मला भरून आलं होतं, ते थट्टेच्या नादात लिहायचं राहिलं. तुझी निवड मी खोटी पडू देणार नाही.

कळावे. या म्हाताऱ्यावर असाच भरवसा असू दे.

तुझा,
दादा


२५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. झेपत नसेल तर तसं सांग, त्यात लाज कसली? मी येऊन लालीला घेऊन जाईन आणि कुणापाशी बोलणारही नाही. झेपत असेल तर मात्र रेट. अर्ध्यावर सोडणाऱ्यातला तू नाहीस, असं निदान तू तरी नेहमी म्हणतोस.

लोभ असेलच.

तुझा,
धाकटा


१९ एप्रिल

भावोजींस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून हे सकाळी लवकर उठून, तेल गार असतानाच गाडी काढायला लागले. मुद्दाम. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुसरा घालताना अंगठ्यात काही तुटल्याचं यांना जाणवलं. दुखलं फारसं नाही, नुसता अंगठा वर उचलेना. झिजलेल्या हाडावर घासून घासून अंगठा उचलणारा दोरच तुटला, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. जेवतील, अंघोळ करतील. पण चिमट्यात स्क्रू धरणं आता या जन्मी नाही. दुकानातल्या फ्रेमा मी बाहेर दुरुस्तीला पाठवते आणि हे काउंटरमागे बसून माझ्याकडे बघतात.

ऑपरेशननंतर तुमच्या ताईंनी फोन केला. खूप रडल्या आणि सगळं सांगितलं. कोणता शिफ्टर यांना झेपला असता तेही सांगितलं.

यांना मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ही तुमच्यावरची दया नाही. यांचा हात गेला, आता भाऊही गेला हे ऐकवायला मला तोंड नाही. तुम्हीही सांगायचं नाही. कबुली देऊन तुम्ही मोकळे व्हाल आणि हे उरलेलं आयुष्य त्यात जळतील. तेवढी सूट तुम्हांला मिळणार नाही.

लाली तुमची झाली. शब्द हे पाळतात. यांचं मागणं एकच आहे, ते यांनी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं आहे. माझं पत्र यांनी वाचलेलं नाही. तुम्ही दर रविवारी यायचं. आजारी असलात तरी यायचं. शिफ्टर बदलायचा नाही, यांच्या कानांना लगेच कळेल.

लोभाचं तुमचं तुम्ही बघा.

वहिनी


चि. नटबोल्ट,

आयुष्यात पहिल्यांदा उजव्या हाताने लिहितो आहे. अक्षर बघून हस, तुला परवानगी आहे. हरलो रे. चावी पाकिटात घातली आहे. खरं तर ती आधीपासून तुझीच होती, हे बाबांनाही कळत होतं आणि मलाही. फक्त रविवारी मला शेजारी बसव. गिअर तू घाल, मी तुझ्या हातावर माझा हात नुसता ठेवीन. सगळ्या जगात तू एकटा मला म्हातारा समजला नाहीस.

रविवारी लवकर ये. तेल गार असताना.

दादा