स्टेबल म्हणजे नक्की कसे?

प्रिय ताई,

तुझा मेसेज आला तेव्हा मी फळांच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्टी मारत होते. "बाबा स्टेबल आहेत. काळजी करू नकोस." संपलं. पहिलं वाक्य मी चारदा वाचलं, दुसरं डोक्यात शिरलंच नाही. रंग देताना बाबा शिडीवरून पडले हे तू आधीच्या मेसेजमध्ये मराठीत कळवलंस. डोक्याला मार लागलाय, हेही मराठीत. मग अचानक हा शब्द कुठून आला? आपल्या घरात घाबरल्याशिवाय कुणी इंग्रजी बोलत नाही गं. आईच्या वेळी तू 'इम्प्रूव्हमेंट' आहे म्हणाली होतीस, आणि मी पोचले तर दाराबाहेर चपलांचा ढीग.

म्हणून मी दिसेल त्याला या शब्दाचा अर्थ विचारत सुटले. आमचे मुकादम म्हणाले, अगं मग झकासच की, भाव स्टेबल आहे म्हणतो ना आपण, म्हणजे पडलेला नाही. मी म्हटलं, पण चढलेलाही नाही ना? तर म्हणाले, बाई, तू खोकी भर. (ते मुकादम फार मजेशीर आहेत, सांगेन कधीतरी. त्यांची शिट्टी हरवली तर गोदाम बंद पडतं.) खोलीतली जोडीदारीण म्हणाली, स्टेबल म्हणजे आहे तसं; चांगलं असेल तर चांगलं, वाईट असेल तर वाईट. तिला उशी फेकून मारली. फोनवर शोधलं तर ही भली मोठी रांग: स्थिर, भक्कम, टिकाऊ, अढळ, न बदलणारा. आणि सगळ्यांच्या खाली, घोड्यांचा तबेला! मला फिस्सकन हसू आलं, आणि मग हसले म्हणून भीती वाटली. परत वर गेले, परत स्थिर. बाबा आणि स्थिर? जेवताना अर्धी पोळी उभ्याने खाणारा माणूस तो. मला भिंगरी म्हणतात, पण ही भिंगरी आली कुणाच्या पायातून?

मुकादमांना सांगून निघाले. रात्रीची गाडी चुकली, कारण मी चुकीच्या फलाटावर एका बाईशी मांजरांबद्दल बोलत बसले होते. तू म्हणशील, हिला या वेळीसुद्धा मांजरं सुचतात. सुचत नाहीत गं, थांबले की तो शब्द कानात वाजायला लागतो. शेवटी एका फरशीवाल्याच्या ट्रकमधून आले. ड्रायव्हरकाकांनाही विचारलंच. म्हणाले, माल नीट बांधला की हलत नाही, तो स्टेबल. मी विचारलं, आणि वळणावर? त्यांनी आरशातून मागे बघितलं आणि गाडी हळू केली.

तेव्हा शिडी आठवली. तुला आठवतं का, चढायच्या आधी बाबा तिला दोन्ही हातांनी गदागदा हलवायचे. मग खाली धरणाऱ्याकडे बघून विचारायचे, "पक्की?" आपण खालच्या दांड्यावर पाय रोवून ओरडायचं, "पक्की!" त्याशिवाय एक पायरी चढायचे नाहीत. आणि ते खाली उतरेपर्यंत पाय काढायचा नाही, नाक खाजलं तरी. एकदा माझ्या केसांत पिवळा रंग ठिबकत होता, मी तश्शीच उभी. उतरल्यावर म्हणाले, भिंगरी, जगात एवढ्या एकाच जागी तू टिकतेस बघ. केवढी फुगले होते मी! या वेळी खाली कोण होतं, ते तू लिहिलं नाहीस. मी विचारतही नाही.

त्या रांगेतले सगळे शब्द मी घोकून पाहिले ताई, पण बाबांना धरून कोण उभं आहे ते एकाही शब्दात नाही. ते मला तुझ्या दुसऱ्या वाक्यावरून, त्या 'काळजी करू नकोस'वरून कळलं. तू एकटी आहेस. त्या बाहेरच्या खुर्चीत मान अवघडून झोपत असशील, डब्यातलं तसंच परत जात असेल, आणि डॉक्टरांनी जो शब्द दिला तोच घट्ट धरून बसली असशील.

मी खाली आहे. दवाखान्याच्या दारातल्या निळ्या बाकावर, औषधांच्या दुकानासमोर. सकाळपासून. वॉचमन म्हणतो, एका पेशंटला एकच पास, आणि तो वर तुझ्याकडे. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू पुन्हा तोच शब्द म्हणशील आणि मी इथूनच पळून जाईन, मला माझी खात्री नाही. म्हणून फळांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हे लिहून चहावाल्या मावशींबरोबर वर पाठवतेय. (त्यांनाही विचारणार होते, मग म्हटलं पुरे.) खाली ये. मला अर्थ सांगू नकोस, बाबा कसे दिसतात एवढंही सांगू नकोस. पास माझ्या हातात दे आणि घरी जाऊन आडवी हो. मी वर जाऊन पलंगाच्या खालच्या दांड्यावर पाय रोवून उभी राहते. त्यांनी डोळे उघडून विचारलं तर उत्तर माझ्याकडे आहे. आणि नाहीच विचारलं, तरी ते उतरेपर्यंत पाय काढणार नाही.

तुझीच, निळ्या बाकावरची
भिंगरी