बारावं फडकं

वाशीम
बुधवार, १२ मार्च २०२५

प्रिय नीलूताईस,
हेमाचा सप्रेम जय भीम.

तू खुशाल असशील असं लिहिणार होतो, पण सख्खा भाऊ दवाखान्यात असताना कोण खुशाल असतं. म्हणून इथलंच सांगतो. धम्माला कालपासून साध्या खोलीत आणलंय. ताप उतरलाय. पायाची जखम सुकतेय असं डॉक्टर म्हणतात. गुडघ्याखालून पाय गेला त्याला जखम म्हणायचं तर म्हणावं. भागिरथामाय रोज इंझोरीहून पहिल्या एसटीनं डबा घेऊन येते. देवमनकाका येतात, पण दाराशीच उभे राहतात आणि पोराकडे न बघता निघून जातात. आमच्या तांड्यावर उद्याच्या होळीसाठी लेंगीची गाणी सुरू झालीत. आईचे तीन फोन आले. मी जाणार नाही.

हातानं पत्र लिहिलं म्हणून हसू नकोस. मोबाईलवर चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. शिवाय सोबत जे पाठवतोय ते मोबाईलवरून जात नाही. जगदेव उद्या यवतमाळला येतोय, त्याच्याच हाती पाकीट देतो. आत काय आहे हे त्याला माहीत नाही.

ताई, धम्मा जेवत नाही. मायनं घास पुढे केला की तोंड भिंतीकडे वळवतो. काल ती पाणी भरायला गेली तेव्हा मला म्हणाला, "हेमा, मले कायले आनलं रे वर? पडू द्याचं होतं तिथंच." मी म्हटलं असं बोलू नये. तर म्हणतो, "पायाचं नाही म्हनून राह्यलो मी. फडकं मले दिसलंच नाही. एवढं गुलाबी फडकं. मानूस आंधळा असन तरी त्याले दिसन. माह्या डोक्यातच काई बिघाड आहे. वनरक्षक कायचा होनार मी." आणि वर तुम्हा तिघांची सहल बिघडवली म्हणून माझीच माफी मागितली त्यानं.

फडक्याची भानगड तुला अर्धीच माहीत असेल. दिवाळीत तुझी जुनी राणी रंगाची ओढणी त्यानं मागून नेली होती, तिच्या बारा पट्ट्या केल्या. जंगलात सगळे रंग असतात, हा एक नसतो, असं त्याचं म्हणणं. आणि फाल्गुनात पळस फुललेला, त्यात लाल, केशरी काय दिसणार. चार मोटारसायकली एकामागे एक धुळीत चालल्या की पुढचा दिसत नाही. म्हणून पहिल्यानं प्रत्येक फाट्यावर, ज्या वाटेनं जायचं तिकडच्या झाडाला फडकं बांधायचं. शेवटच्यानं ते सोडून खिशात घालायचं. जंगलात आपलं काही राहता कामा नये, ही धम्माची सक्त ताकीद. शेवटच्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटानं कधीच कुणाच्या पुढे जायचं नाही, एवढा एकच कायदा.

शेपूट दर वेळी मीच. बाबांची जुनी गाडी आहे ना माझ्याकडे, चढावर धापा टाकते.

त्या रविवारी किन्हीराजाच्या पलीकडे जंगलात शिरलो. पहिला जगदेव, मग किसनसिंग, मग धम्मा, मग मी. पुढचं तू ऐकलंच आहेस. धम्माला फडकं दिसलं नाही, तो डावीकडे वळला, नाल्यावरचा रपटा, तो ठेंगणा पूल, वाहून गेलेला, तो गाडीसकट खाली दगडांत गेला, आणि मी त्याला शोधून काढलं. सगळे हेच सांगतात, कारण मीच सगळ्यांना हे सांगितलं. परवा दहा माणसांसमोर मायनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हा माह्या पोटचाच आहे." डब्यातली पहिली भाकर ती मला देते. ताई, ती भाकर उतरत नाही घशाखाली.

झालं असं. एका टेंभुर्णीच्या झाडापाशी धम्मा चेन चढवत बसला होता. मला बघून हात केला, "तू हो फुडं, आलोच मी." मी थांबायला हवं होतं. सकाळपासून पोरं माझ्या गाडीवर हसत होती, धम्माही हसला होता. मनात आलं, एकदा तरी हा माझी धूळ खाऊ दे. मी पुढे गेलो. पुढच्या फाट्यावर फडकं होतं. सकाळपासून आठ फाट्यांवर जे केलं तेच हातानं केलं. सोडलं, खिशात घातलं आणि उजवीकडे निघालो.

सवयीनं झालं, असं लिहून इथं थांबणार होतो. कालच्या कागदावर तसंच लिहिलं होतं आणि तो कागद फाडला.

मला आठवलं होतं, ताई. शंभर कदमही गेलो नसेन. मागे धम्मा आहे आणि फडकं माझ्या खिशात आहे, हे लख्ख आठवलं. गाडी थांबवली सुद्धा. पण वळून परत बांधायचं म्हणजे तो तिथं भेटणार, शेपूट पुढे कसं गेलं म्हणून विचारणार आणि सगळ्यांना सांगून हसवणार. म्हटलं, त्याला वाट माहीत असेल. नव्हती. आम्ही कोणीच त्या वाटेनं गेलेलो नव्हतो.

जंगलाबाहेरच्या हॉटेलात पोहोचलो. जगदेवनं विचारलं, "धम्मा कुठी आहे?" मी म्हटलं, "चेन चढवून राह्यला, येईन. फडकं ठेवलं त्याच्यासाठी झाडाले." भजी आली. मी खाल्ली. सव्वा तास आम्ही तिथं बसलो आणि सव्वा तास त्याचा पाय गाडीखाली होता. तेव्हाच बोललो असतो तर सरळ त्या फाट्यावर गेलो असतो. उशिरानं निघालो आणि पोरं टेंभुर्णीच्या आसपास हुडकत राहिली. मी मात्र पाणी बघतो म्हणून एकटाच डावीकडे वळलो. इतक्या लवकर कसा सापडला, हे अजून कुणी विचारलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणला असता तर पाय राहिला असता.

आज सकाळी ते असंही म्हणाले की डोक्याला मार आहे, त्या दिवसाचं त्याला फारसं आठवणार नाही. चेन, टेंभुर्णी, मी पुढे गेलो ते, सगळं पुसलं गेलंय. ते ऐकून मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. बाहेर येऊन चहा प्यालो आणि सतरा दिवसांत पहिल्यांदा तो गोड लागला. मग माझीच मला किळस आली.

परत खोलीत गेलो तर धम्मा म्हणाला, "हेमा, अकराच फडकी आली ना वापस? एक तिथंच राह्यलं असन झाडाले. तेवढं सोडून आनशील?"

ते झाडाला नाही. या पाकिटात आहे.

रविवारी तू येशील तेव्हा हे पत्र त्याला वाचून दाखव. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्याला पाणीच विचारलं. तुझ्या तोंडून तो ऐकेल. त्याला सांग, तुझे डोळे चांगले आहेत, डोकं चांगलं आहे, तिथं फडकं नव्हतंच. मग त्याला जेवायला घाल. आधी त्याला सांग, मायला नंतर. काकांनाही सांग, चूक पोराची नव्हती, म्हणजे ते दारातून आत येतील.

तू राखी बांधलेल्या हाताची लाज राखली नाही मी. माफ कर असं लिहीत नाही, ते मागायचं तर त्याच्याकडेच. रविवारी मी दवाखान्याच्या पायरीवर असेन. त्यानं वर बोलावलं तर येईन. शिव्या द्यायला बोलावलं तरी येईन. नाही बोलावलं तरी तो जेवला की नाही एवढं कुणाच्या तरी हाती कळव. तोवर मी तिथून हलणार नाही.

ज्यानं मागेच राहायचं होतं तो,
हेमसिंग