दुपारी चोरीला जाणारी गाडी

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं मला कधी वाटलं नाही. गेल्या आठवड्यापासून वाटतंय. त्याला कारण एक गाडी आहे, आणि तिचे मालक.

आधी दुकानाचं सांगते, कारण ते तुम्ही पाहिलं नाही. नंदनवनच्या मागच्या रस्त्याला एक शटरची खोली आहे, समोर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. गाड्यांची वायरिंग, सेन्सर आणि चाब्या ही माझी कामं. हल्लीच्या महागड्या गाड्यांची चाबी तुम्ही हातात घेतली असती तर उलटसुलट करून मला परत दिली असती, कारण तिला दातेच नसतात. ती नुसती खिशात असली की पुरे, दार उघडतं आणि बटण दाबलं की इंजिन सुरू होतं. चोरांना त्यामुळे सोपं झालंय. एक जण घराच्या दाराशी यंत्र घेऊन उभा राहतो, आतल्या चाबीचा सिग्नल पकडतो आणि गाडीजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्याकडे पाठवतो. गाडीला वाटतं, मालक आला. काच फुटत नाही, आवाज होत नाही. हे थांबवायचं काम मी करते. तुम्ही फूटपाथवर, कडुनिंबाखाली, लाकडी पेटीवर कानशीने चाब्या घासत जे करत होता तेच, असं मी लोकांना सांगते. त्यांना ते फारसं पटत नाही.

फेब्रुवारीत एक काका आणि काकू आले. काका सत्तरीच्या आसपासचे, काटोलचे संत्र्याचे व्यापारी. तीस-पस्तीस वर्षं तिथल्या बाजारात बसले, मग धंदा आवरून नागपुरात राहायला आले. मूलबाळ नाही. आयुष्यभर मालाच्या ट्रकमागे धावलो, आता एकदा मनासारखी गाडी घेतो, म्हणून त्यांनी गाडी घेतली. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, गडद निळी. अशा गाड्या आपल्या शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. इंजिन सुरू झालं तेव्हा समोरचा चहावाला किटली हातात धरून तसाच उभा राहिला.

"बेटा, माही गाडी कोणीतरी नेऊन राहिलं," काका म्हणाले. "नेते अन् परत आणून ठेवते."

मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मले तं काही समजत नाही. हे म्हणतात सीट सरकलेली असते. किलोमीटर वाढलेले असतात."

त्यांच्या गल्लीतली एक गाडी महिन्याभरापूर्वी अशीच चाबीवाचून गेली होती, त्यामुळे मला शंका आली नाही. चाबी ठेवायला सिग्नल अडवणारं पाकीट दिलं. स्टेअरिंगखालचं सॉकेट, जिथून चोर नवी चाबी गाडीला ओळखीची करून देतात, त्याला लोखंडी झाकण बसवलं. काका पूर्ण वेळ स्टुलावर बसून पाहत होते. कामात मुळीच बोलले नाहीत. तसं गिऱ्हाईक मला आवडतं.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. गाडी अजून जातच होती. आता त्यांचा चेहरा उतरलेला होता. काकूंना बाजूला सारून ते मला हळूच म्हणाले, "घरातलंच कोणी असन काय?" घरात दोघांशिवाय कोणी नाही, हे ते मला आधीच सांगून चुकले होते.

मग मी माझ्याकडचं सगळ्यात पक्कं कुलूप लावलं. स्टेअरिंगवरची बटणं ठरावीक क्रमाने दाबल्याशिवाय गाडी जागची हलत नाही, चाबी असो वा नसो. क्रम मालकाने स्वतः ठरवायचा, आणि तो ठरवताना मी तोंड फिरवून उभी राहते. तुमचीच सवय. मालक विसरला तर गाडी सुरू करता यावी आणि क्रम बदलता यावा म्हणून एक गुप्त नंबर असतो, तो पाकिटात बंद करून मी काकूंच्या हाती दिला. शिवाय गाडी कुठे जाते हे फोनवर दाखवणारं छोटं यंत्रही बसवलं, ते काकांच्या फोनवर दिसे, आणि त्यांच्या सांगण्यावरून माझ्याही.

दहा दिवसांत गाडी तीन वेळा गेली, बाबा. तिन्ही वेळा दुपारी दोनच्या सुमारास, काकू झोपायच्या त्या वेळी. तिन्ही वेळा काटोल रोडने, थेट तिथल्या फळबाजारापर्यंत. तिथे वीस-पंचवीस मिनिटं थांबून, काकू उठायच्या आधी, पाचच्या आत घरी परत. आणि तिन्ही वेळा बटणं बरोबर दाबलेली. तो क्रम जगात एकाच माणसाला माहीत होता.

मी फोन हातात धरून दुकानात बसून राहिले. चोर सापडला होता, पण कोणाला सांगायचं तेच कळेना. दोन दिवस मी कोणालाच सांगितलं नाही.

त्या दोन दिवसांत मला तुमचा तो मार आठवत होता. मी नऊ-दहा वर्षांची असेन. शेजारच्या मावशींचं कपाट अडकलंय असं ऐकलं आणि त्या घरी नसताना तुमच्या पेटीतली तार घेऊन मी ते उघडून ठेवलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही संध्याकाळी आलात, ऐकलंत आणि पाठीत धपाटा घातलात. तुमच्या हातचा तो एकुलता एक. "काहून वं, कोणं सांगतलं तुले उघडाले?" मी रडत म्हणाले की मला उघडता येतं. तुम्ही म्हणालात, "तुले येते म्हणून तुह्या मनानं उघडशीन काय? ज्याचं कुलूप हाये त्यानं म्हटलं पाहिजे." मग मला मावशींकडे नेऊन माफी मागायला लावलीत, आणि परतताना हातगाडीवरचे पेरू घेऊन दिलेत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर बाहेरगावचे लोक येत, कोणाच्या पेटीची किल्ली हरवलेली असे. तुम्ही ती उघडून देत होता, पण आधी आत काय आहे ते त्यांच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय नाही. मी हे सगळं पाहत मोठी झाले, आणि आता एका माणसाच्या डोक्यातलं काहीतरी, त्याने न सांगता, माझ्या हाताने उघडलं गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. "बेटा, गाडी नाही. अन् हेबी नाहीत. फोन घरीच ठेवून गेले." मी पाहिलं, गाडी काटोलच्या बाजारात उभी होती, तासाभरापासून. काकूंना म्हटलं, ते गुप्त नंबराचं पाकीट घ्या. पाकीट पिठाच्या डब्यामागे जसंच्या तसं होतं, चिकटवलेलं. मी माझ्या जुन्या गाडीत त्यांना घेतलं आणि निघाले. वाटेत त्यांना सगळं सांगितलं. त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन खेपा मीठ टाकतात भाजीत. मले वाटलं वयानं होते."

बाजारात शिरतो तर संत्र्याच्या ढिगांमध्ये ती निळी गाडी, आणि भोवती शेतकरी, हमाल, कॅरेट उतरवणारी माणसं. मार्चचं ऊन. एकाने स्वतःचा दुपट्टा काचेवर पसरून सावली केली होती. दुसरा खिडकीशी वाकून विचारत होता, "काय गा सेठ, चाय घेता काय?" दार उघडं होतं. काका आत घामाने भिजून बसले होते आणि स्टेअरिंगवरची बटणं एकेक करून दाबत होते. पुन्हा पुन्हा. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं आली, बेटा. तुहं कुलूप पक्कं हाये. मलेबी चालू होऊ देऊन नाही राहिलं."

भोवतालची माणसं हसली. तेही हसले. काकू मात्र पदराने त्यांचा चेहरा पुसत होत्या आणि त्यांचा हात थांबत नव्हता.

पाकिटातल्या नंबराने मी गाडी सुरू केली. माझी गाडी तिथेच ठेवली, दुसऱ्या दिवशी बसने जाऊन आणली. काका शेजारी बसले, आणि काकू मागच्या त्या नावापुरत्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन. निघण्याआधी काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बटणं बदलून टाक. त्यांना सांगू नको. चोरासाठी केलं म्हण." मी मान हलवली होती. खरंच तसं करणार होते.

गाव मागे पडलं तेव्हा काकांनी विचारलं, "चोर सापडला काय?"

मी गाडी एका झाडाखाली घेतली आणि थांबवली. "सापडला, काका. तुम्हीच आणता गाडी इथे. दुपारी. मग तुमच्या लक्षात राहत नाही."

मागून काकूंचा हात त्यांच्या खांद्यावर आला. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. कळमेश्वर येईपर्यंत ते समोर पाहत होते. मग म्हणाले, "मी सीट पुढे घेत असन. बाजारात बसून लांबलोग दिसावं म्हणून." आणि मग, "चोर असता तं बरं झालं असतं."

काकू मागे रडत होत्या. त्यांच्या घरासमोर गाडी उभी केली तेव्हा काका उतरले नाहीत. म्हणाले, "बदल आता. हिले सांग, मले नको सांगू." आणि स्वतःच खिडकीकडे तोंड फिरवून बसले. मी काकूंना स्टेअरिंगसमोर बसवलं आणि बटणं बदलली. दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ त्यांनी मान वळवली नाही.

आता त्यांचे उपचार चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, आजार लवकर लक्षात आला. काकूंनी एक ड्रायव्हर ठेवलाय, पारशिवनीकडचा, शांत माणूस. आठवड्यातून दोनदा तो त्यांना काटोलला नेतो. काका फोन करून माझ्याकडे तक्रार करतात की तो बैलगाडीसारखी चालवतो. परवा आल्यावर त्यांनी माझ्यासाठी संत्री आणली आणि विचारलं, "आपली ओळख कुठची, बेटा?" मी सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, कुलूपवाली."

काकूंनी मला नंतर विचारलं की मी कबूल करूनही खरं का सांगितलं. मी म्हटलं, मालकाने विचारलं. ते उत्तर तुमचं होतं आणि मला ते देताना छान वाटलं. म्हणूनच लिहायला बसले, कारण ते पूर्ण खरं नाही.

तुमच्या शेवटच्या दोन वर्षांत तुम्ही घडवलेल्या चाब्या कुलपांना लागत नव्हत्या, बाबा. डोळे गेले होते, पण तुम्ही कबूल करत नव्हता. मी तेव्हा नुकतीच आयटीआय झाले होते, तुम्ही दिलेला मल्टीमीटर पिशवीत घेऊन तुमच्याजवळ बसायची. गिऱ्हाईक परत आलं की मी त्याला कोपऱ्यावर गाठायची, चाबी घ्यायची आणि पलीकडच्या हार्डवेअरवाल्याच्या शिकंज्यात धरून, कानस मारून नीट करून द्यायची. किती, ते मोजलं नाही. तुम्ही एकदा कानस खाली ठेवून म्हणालात, "हात अजून चालून राहिला नाई का माहा?" मी म्हटलं, हो बाबा, अगदी पहिल्यासारखा. तुम्ही खूश झालात आणि मला भजी आणायला पाठवलंत.

काकांना खरं सांगता आलं, कारण ते माझे कोणी नव्हते. तुम्ही आज पुन्हा विचारलंत तर मी हो म्हणेन.